अड्यारचे पाणी

एकाच जागी उभे राहून, एकाच दिशेने, काही वर्षांच्या अंतराने छायाचित्रे घ्यावीत आणि ती शेजारी ठेवून पाहावीत, अशी एक पद्धत आहे. १८८० च्या दशकात आल्प्समधील हिमनद्यांची घट जाणण्यासाठी ती योजिली गेली. आम्हां अड्यारकरांना मात्र तिचे धडे घरबसल्या मिळतात.

जुना एल्फिन्स्टन पूल ही येथील खूण. त्याच्या जुन्या चित्रांत खाडीचे मोकळे पाणी दिसते. आज शेजारी १९७३ चा नवा पूल आहे आणि काठावर इमारती. नदीच्या वरच्या अंगाला बदल याहून मोठा. नुंगंबाकमपासून सैदापेटपर्यंत पसरलेले लाँग टँक हे तळे १९२० च्या दशकात आटवून त्यागरायनगर वसविले गेले. पश्चिम मांबलमातील ‘लेक व्ह्यू रोड’ या नावापुरतेच ते तळे आता उरले आहे.

परंतु छायाचित्रातून गेलेले पाणी भूमीतून जातेच असे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टी झाली, चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदी सैदापेट, कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली. आपली जुनी वाट ती विसरली नव्हती.

उलट क्रमाचे चित्रही येथेच आहे. राडारोड्याने भरलेली ५८ एकर खाडी साफ करून, तेथे तिवरे लावून, २०११ साली ती उद्यान म्हणून खुली झाली. पाण्याला जागा परत देता येते, याची ही साक्ष आम्हांस मोलाची वाटते.