वहीत नसलेलं पान

हॅट्ट्रिक हा शब्द आपण क्रिकेटला बहाल करून मोकळे झालो आहोत. अंधेरीत माझ्या घराजवळ एका चर्चच्या मैदानावर रोज संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या तिघांना मी विचारलं, “नेव्हिल डिसोझा कोण?” तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

त्यांना तरी काय बोल लावायचा? वीस वर्षं मी मुंबईच्या खेळाडूंची टिपणं जमवतो आहे. माझ्या वह्यांत क्रिकेट आहे, कुस्ती आहे, कबड्डी आहे. डिसोझा नावाचं पान नव्हतं.

नेव्हिल मूळचे गोव्याचे, पण खेळाडू मुंबईचे. त्या काळी मोठ्या कंपन्या फुटबॉल संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळले.

१९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं. हे शहर म्हणजे लंबगोल चेंडूच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं माहेरघर. त्या ऑलिंपिकमध्ये त्या खेळाचा एक प्रदर्शनीय सामनाही ठेवला होता. अशा गावात १ डिसेंबरला भारताने यजमानांना त्यांच्या दुसऱ्या फुटबॉलमध्ये ४–२ असं हरवलं. नेव्हिल यांचे गोल तीन. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : हंगेरीने माघार घेतली, म्हणून भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला. हे खरं आहे. पण पुढचा सामनाही पाहावा. उपांत्य फेरीत समोर युगोस्लाव्हिया होता. याच देशाने १९५२ मध्ये हेलसिंकीत आपल्याला १०–१ असं चिरडलं होतं. चार वर्षांनी त्याच्याविरुद्ध पहिला गोल भारताचा झाला आणि तो नेव्हिल यांनी केला. ती आघाडी टिकली नाही. सामना १–४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०–३ हार झाली. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिले राहिले. संघ चौथा आला.

चौथ्याला पदक नसतं. पण विस्मरणाचं तेवढंच कारण मला पटत नाही. त्याच संघाचे प्रशिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला. नेव्हिल मात्र ना धड गोव्याचे राहिले, ना मुंबईचे. आणि मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने आडनाव वाचून ‘हा आपला विषय नव्हे’ असं न बोलताच ठरवून टाकलं. ती चूक माझी.

१९८० साली, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी नेव्हिल गेले. माझ्या वहीत आता त्यांचं पान आहे. मैदानावरच्या त्या तिघांना मी मेलबर्नची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांतल्या एकाने एकच विचारलं, “काका, ते इथलेच होते?”

“हो,” मी म्हणालो, “इथलेच.”