रहस्य हरवलेला रहस्यपट : 'द बिग लेबाउस्की' आणि त्याचे प्रेक्षक

कलाकृतीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा तिच्या निर्मितीचा इतिहास लिहितो. कर्ता, काळ, प्रभाव, प्रकाशन एवढे सांगून झाले की वाचकाचे किंवा प्रेक्षकाचे मत शेवटच्या परिच्छेदात उरते. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र एक संपूर्ण प्रकार असा आहे की, ज्याला त्याची ओळख निर्मात्यांनी नव्हे, प्रेक्षकांनी दिली. तो म्हणजे 'फिल्म न्वार'.

१९४० च्या दशकात हॉलिवूडमध्ये हे चित्रपट काढणारे लोक त्यांना गुन्हेपट किंवा मेलोड्रामा म्हणत. जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये त्या काळी अमेरिकन चित्रपट येणे बंद झाले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इन्डेम्निटी' असे चित्रपट पॅरिसमध्ये लागोपाठ दाखवले गेले. अमेरिकन प्रेक्षकाने जे सुटेसुटे, वर्षावर्षाच्या अंतराने पाहिले होते, ते फ्रेंच प्रेक्षकाने उशिरा पण एकत्र पाहिले. आणि त्यांतला समान काळोख त्याच्या नजरेस आला. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षी या अमेरिकन चित्रपटांना 'न्वार', म्हणजे काळे, म्हटले. १९५५ मध्ये रेमों बोर्द आणि एतिएन शोमतों यांनी त्यांवर पहिला ग्रंथ लिहिला. उशिरा पाहणे हा येथे दोष नव्हता. त्या उशिरातूनच एक प्रकार आकाराला आला.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, न्वारच्या एका विनोदी वारसदाराच्या बाबतीत, अर्धशतकानंतर, जवळजवळ हेच पुन्हा घडले. जोएल आणि ईथन कोएन या बंधूंचा 'द बिग लेबाउस्की' हा चित्रपट मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याआधीच्या त्यांच्या 'फार्गो'ला १९९७ च्या समारंभात मूळ पटकथा आणि अभिनेत्री अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली होती. साहजिकच अपेक्षा मोठी होती. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास गल्ला जमवला. म्हणजे यश बेताचेच. काहींना तो आवडला. अनेकांची तक्रार मात्र एकच होती : कथानक कुठेच पोहोचत नाही.

ही तक्रार वस्तुस्थितीला धरून होती, हे आधी मान्य केले पाहिजे. लॉस एंजेलिसमधला 'ड्यूड' (जेफ ब्रिजेस) हा बेकार, आळशी गृहस्थ. त्याच नावाचा एक धनाढ्य समजून गुंड त्याच्या घरात शिरतात आणि त्याचा गालिचा खराब करतात. त्याची भरपाई मागायला तो त्या धनाढ्याकडे जातो आणि अपहरणाच्या प्रकरणात गुंततो. पुढे कळते की अपहरण झालेलेच नाही आणि खंडणीच्या पेटीत पैसेही नव्हते. एका प्रसंगी संशयित व्यक्ती वहीवर काहीतरी लिहून बाहेर जाते. ड्यूड मुरलेल्या गुप्तहेराप्रमाणे खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल घासतो. उमटते ते एक अश्लील चित्र. गुप्तहेराची पद्धत अचूक, फळ शून्य. जो प्रेक्षक उत्तर शोधायला बसला होता त्याला फसवल्यासारखे वाटले असेल, तर त्याची चूक काय?

परंतु ही फसवणूक कोएन बंधूंची स्वतःची नाही. ती वारशाने आलेली आहे. त्यांच्यासमोर नमुना होता रेमंड चँडलरचा. त्याच्या १९३९ च्या 'द बिग स्लीप' या कादंबरीत चाकांच्या खुर्चीतला धनाढ्य म्हातारा आहे, अश्लील साहित्याचा धंदा आहे, घराण्याची बिघडलेली तरुण स्त्री आहे. या तिन्ही गोष्टी रूप बदलून 'लेबाउस्की'त येतात. हॉवर्ड हॉक्सने या कादंबरीवर चित्रपट करताना त्यातल्या मोटारचालकाला मारले कोणी, असा प्रश्न पडला. तो चँडलरला विचारला गेला, आणि आपल्यालाही ते माहीत नाही, असे त्याने कळवले. हा किस्सा खुद्द चँडलरने पत्रात नोंदवला आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट संकलनातली आहे. १९४५ मध्ये तयार झालेल्या प्रतीत सगळे प्रकरण उलगडून सांगणारा एक प्रसंग होता. १९४६ मध्ये प्रदर्शित करताना तो वगळला गेला आणि हंफ्री बोगार्ट व लॉरेन बकॉल यांची चमकदार संवादांची दृश्ये वाढवली गेली. उलगडा गेला, संगत वाढली. आणि प्रेक्षकाने तक्रार न करता तो चित्रपट डोक्यावर घेतला.

मग १९९८ च्या प्रेक्षकाला हेच का खटकले? माझ्या मते, न्वारमध्ये कथानकाचा गुंता काळोखाच्या आड लपतो. सावल्या, पाऊस आणि बोगार्टचा थकलेला चेहरा पाहून आपण गृहीत धरतो की येथे काही गंभीर चालले आहे. कोएन बंधूंनी तो काळोखच काढून टाकला. त्यांचा नायक घरगुती झग्यात दूध विकत घ्यायला जातो. आडोसा गेला आणि प्रकाराची मूळ पोकळी उघडी पडली.

ही पोकळी आनंदाची जागा कधी झाली? लोकांनी चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा. व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडीमुळे तो घरी, मित्रमंडळींत, पुन्हा पुन्हा पाहता आला. 'पुढे काय होणार' हा प्रश्न उरला नाही. उरली ती बोलण्याची लय, एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाण्यातली गंमत, आणि ड्यूड व वॉल्टर यांची भांडकुदळ मैत्री. ऑक्टोबर २००२ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथे चाहत्यांचा पहिला मेळावा भरला. सुमारे १५० माणसे आली. २००९ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशनाने या चित्रपटावरील अभ्यासलेखांचा संग्रह काढला. रॉजर ईबर्ट यांनी १९९८ मध्ये त्याला चारांपैकी तीन तारे दिले होते. २०१० मध्ये त्यांनी तो आपल्या श्रेष्ठ चित्रपटांच्या मालिकेत घेतला. २०१४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

हा सारा प्रवास 'अखेर रसिकांना मोल कळले' अशा सुखान्त कथेसारखा सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिला प्रेक्षक अरसिक आणि दुसरा सहृदय, अशी ही विभागणी नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली : येथे रहस्य नाही. एकाने ती उणीव म्हणून नोंदवली, दुसऱ्याने मोकळीक म्हणून.

शिवाय दुसऱ्या पाहण्याचीही किंमत असते. आवडती वाक्ये पाठ झाली की भोवतीचे काही दिसेनासे होते. चित्रपट घडतो तो आखाती युद्धाच्या सुमारास. आरंभीच दुकानातल्या दूरचित्रवाणीवर अध्यक्ष बुश कुवेतवरील आक्रमणाबद्दल बोलताना दिसतात. वॉल्टर हा व्हिएतनाममधून परतलेला सैनिक. त्याचा हास्यास्पद संताप कुठून येतो हे विसरता येत नाही. आणि डॉनी, ज्याला कोणी वाक्य पुरे करू देत नाही, तो शेवटी मरतो. त्याच्या रक्षाविसर्जनाच्या वेळीही वॉल्टर व्हिएतनामबद्दलच बोलतो; वारा ती राख ड्यूडच्या तोंडावर उडवतो. हसू येते खरे. पण न्वारचा काळोख गेला नव्हता, तो उन्हात येऊन बसला होता, हे तेव्हा कळते. मेळाव्यातल्या प्रेक्षकापेक्षा १९९८ च्या गोंधळलेल्या, किंचित अस्वस्थ प्रेक्षकाला ते अधिक जाणवले असण्याची शक्यता आहे.

म्हणून साहित्याच्या वर्गात आस्वादाचा इतिहास शिकवताना प्रतिकूल मते केवळ मागाहून खोटी ठरलेली मते म्हणून वाचू नयेत. कलाकृतीने प्रेक्षकाकडे काय मागितले, याची पहिली नोंद बहुधा त्यांच्यातच असते. 'कथानक कुठेच पोहोचत नाही' हे वाक्य आज 'द बिग लेबाउस्की'च्या प्रशंसेतही जसेच्या तसे चालेल. वाक्य बदललेले नाही. ते उच्चारणाऱ्याचा स्वर बदलला. त्या स्वराच्या बदलाचा शोध घेणे, हेच अशा इतिहासाचे खरे काम.