म्हैसूर : डिजिटल समावेशन आणि नागरिकांचे ऑनलाइन हक्क

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर येथील महाराजा महाविद्यालयाच्या मैदानावर झाला. कुटुंबप्रमुख महिलेच्या बँक खात्यात दरमहा दोन हजार रुपये जमा करण्याची ही योजना असून, एक कोटीहून अधिक महिला तिच्या कक्षेत येतात. या रकमेसाठी शिधापत्रिका, आधार क्रमांक आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांचा मेळ बसणे आवश्यक असते. नोंदणी ‘ग्राम वन’, ‘कर्नाटक वन’ आणि ‘बापूजी सेवा केंद्र’ या केंद्रांमधून करण्यात आली. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकू शकतो, आणि तो का अडकला हे अर्जदार महिलेला पडद्यावर स्वतः वाचता आले नाही, तर तिला केंद्रचालकाच्या शब्दावर विसंबावे लागते. डिजिटल समावेशन या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ येथे स्पष्ट होतो. जोडणी, उपकरण, कौशल्य, स्वतःची भाषा आणि चूक झाल्यास दाद मागण्याची सोय या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. यांपैकी एक जरी नसले, तरी उरलेल्यांचा उपयोग फार होत नाही.

बंगळुरूपासून सुमारे १४५ किलोमीटर अंतरावरील म्हैसूर शहर राजवाडा, दसरा आणि चंदन यांसाठी देशभर ओळखले जाते. अलीकडच्या काळात इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण संकुलाची त्यात भर पडली. मात्र माहिती सर्वांपर्यंत पोहोचवण्याच्या प्रयत्नांचा या शहराचा इतिहास संगणकाहून जुना आहे.

आकाशवाणीचे जन्मस्थान

म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या राहत्या घरी अल्प शक्तीच्या प्रक्षेपकावर खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे नगरपालिकेने आणि नंतर म्हैसूर संस्थानाने केंद्राला आधार दिला, आणि १९५० मध्ये ते ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. राष्ट्रीय नभोवाणीने ‘आकाशवाणी’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले ते १९५७ मध्ये.

हवेतील ध्वनिलहरी कोणाच्या, हा प्रश्न त्यानंतर अनेक दशके रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणात त्या सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक नभोवाणीची परवानगी २००२ मध्ये, तर स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये मिळाली. म्हैसूर जिल्ह्याच्या हेग्गडदेवनकोटे भागातील सरगूर येथून स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट या संस्थेचे ‘जनध्वनी’ हे केंद्र चालते. नागरहोळे आणि बंडीपूर या जंगलांच्या सीमेवरील हा परिसर आहे. जेनु कुरुब या, विशेष असुरक्षित गटात गणल्या गेलेल्या आदिवासी समाजाच्या वाड्या या पट्ट्यात आहेत. ज्या घरात स्मार्टफोन नाही, तेथेही साधा रेडिओ संच पोहोचतो. त्यामुळे डिजिटल समावेशनाच्या चर्चेतून नभोवाणी वगळणे योग्य ठरणार नाही.

‘केळु सखि’

या विषयात म्हैसूरचे नाव देशाबाहेर नेणारा उपक्रम म्हणजे ‘माहिती मंथन’. बंगळुरू येथील आयटी फॉर चेंज या संस्थेने महिला समाख्या कर्नाटक या कार्यक्रमाच्या सहकार्याने या शतकाच्या पहिल्या दशकात म्हैसूर जिल्ह्यात तो राबवला. महिला समाख्या हा केंद्र सरकारचा स्त्रीशिक्षणाचा कार्यक्रम होता. त्याअंतर्गत गावोगावी प्रामुख्याने दलित आणि आदिवासी स्त्रियांचे संघ उभे राहिले होते. बहुतेक सदस्य निरक्षर अथवा अल्पशिक्षित होत्या. अशा स्त्रियांना संगणक द्यावा की नाही, दिला तर त्यावर काय करावे, याविषयी त्या काळी बरेच मतभेद होते. आधी साक्षरता आणि मग संगणक, असा क्रम बहुतेक तज्ज्ञ सांगत असत.

या उपक्रमाने तो क्रम मानला नाही. संघातील स्त्रियांसाठी ‘केळु सखि’, म्हणजे ‘ऐक सखे’, हा साप्ताहिक नभोवाणी कार्यक्रम तयार करण्यात आला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ‘ज्ञानवाणी’ या म्हैसूर येथील एफएम केंद्रावरून तो प्रसारित होत असे. कार्यक्रमात बोलणाऱ्याही संघातील स्त्रियाच असत. जोडीला छोटे चित्रपट तयार झाले आणि संघांच्या बैठकींत ते दाखवले गेले. एका गावातील स्त्रियांनी एखादे काम कसे तडीस नेले, हे दुसऱ्या गावातील स्त्रिया त्यांच्याच तोंडून ऐकू लागल्या.

तिसरा भाग होता ‘नम्म माहिती केंद्र’, म्हणजे ‘आपले माहिती केंद्र’. हुणसूर तालुक्यात अशी केंद्रे सुरू झाली. केंद्राची मालकी स्त्रियांच्या संघाकडे असे आणि ‘सखी’ म्हणून ओळखली जाणारी गावातीलच तरुणी ते चालवत असे. निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, शासकीय योजना यांची माहिती तेथे मिळे आणि अर्जही भरून दिले जात. ही माहिती पूर्वी पंचायतीच्या अथवा तालुक्याच्या कार्यालयातून, तीही ओळखीपाळखीने, मिळत असे. आता ती दलित स्त्रियांच्या संघाच्या दारात आली. गावातील इतर जातींच्या लोकांनाही त्या दारात यावे लागले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या उपक्रमाचे खरे महत्त्व संगणकाहून अधिक या अदलाबदलीत आहे.

त्यानंतरच्या काळात केंद्रांची संख्या कितीतरी वाढली. देशभर सामायिक सेवा केंद्रे उभी राहिली. कर्नाटकातील ग्रामपंचायत ग्रंथालयांना संगणकाची जोड देऊन ‘अरिवु केंद्र’ हे नाव देण्यात आले. ग्रामीण डिजिटल साक्षरतेसाठी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात ३१ मार्च २०२४ पर्यंत ६ कोटी ३९ लाख व्यक्तींना प्रशिक्षण देण्यात आले. मात्र बहुतेक सेवा केंद्रे आता प्रत्येक कामामागे शुल्क घेणाऱ्या खासगी चालकाकडे असतात. हा चालक गावाला उत्तरदायी असावा, ही ‘माहिती मंथन’मधील कल्पना मागे पडली.

स्त्रिया आणि इंटरनेट यांमधील अंतर अद्याप मोठे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. स्वतः वापरत असलेला मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. घरात एकच फोन असेल तर एकवार संकेतांक, म्हणजेच ओटीपी, कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न या आकडेवारीमागे दडलेला आहे.

भाषेचा प्रश्न

केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्थान ही संस्था १७ जुलै १९६९ रोजी म्हैसूर येथे स्थापन झाली. डॉ. देवीप्रसन्न पट्टनायक हे तिचे संस्थापक संचालक. मराठीचे अध्यापन करणारे पुण्यातील पश्चिम विभागीय भाषा केंद्र याच संस्थेचा भाग आहे. भारतीय भाषांमधील लिखित मजकूर आणि ध्वनिमुद्रणे यांचे मोठे संग्रह तयार करण्यासाठी २००७-०८ मध्ये संस्थेत एलडीसी-आयएल हा प्रकल्प सुरू झाला. मराठीचाही त्यात समावेश आहे. यंत्राने भाषांतर करणे, बोललेले टिपून घेणे, लिहिलेले वाचून दाखवणे या सुविधा अशा संग्रहांवरच उभ्या राहतात. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांच्या नोंदणीची योजना २०१३ मध्ये, तर बहुभाषिक ज्ञानकोशासाठी ‘भारतवाणी’ हा प्रकल्प २०१६ मध्ये येथूनच हाती घेण्यात आला.

म्हैसूर विद्यापीठाने कन्नड विश्वकोशाचे काही खंड २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. त्यामुळे तो मजकूर कोणालाही वापरता आणि पुढे वाढवता येतो. मराठी विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. तथापि विनामूल्य वाचता येणे आणि मुक्तपणे वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लिपीची अडचण मराठी वाचकांच्या चांगल्याच परिचयाची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी कन्नडमध्येही निरनिराळ्या टंकांत मजकूर साठवला गेला. तो छापून सुबक दिसतो, परंतु शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचनप्रणालीला वाचता येत नाही. एखादे शासकीय परिपत्रक छायाचित्राच्या स्वरूपात संकेतस्थळावर टाकले, तर तेही याच गटात मोडते. कागदोपत्री ते प्रसिद्ध झालेले असते, इतकेच.

दिव्यांगांचे हक्क

अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून म्हैसूरमध्ये कार्यरत आहे. श्रवणदोष आणि वाचादोष यांवरील उपचार, अध्यापन आणि संशोधन तेथे चालते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी जेएसएस संस्थेचे स्वतंत्र तंत्रनिकेतनही शहरात आहे. या विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरणाऱ्या कायदेशीर तरतुदी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहेत. ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात असावा, चित्रफितींना ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा अथवा उपशीर्षके यांची जोड असावी, असे कलम ४२ सांगते. प्रत्यक्षात नियमांची भाषा शिफारशीची राहिली. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगमतेविषयीचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तयार करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

त्यानंतरचा निकाल अधिक दूरगामी आहे. बँक खाते उघडताना जिवंत छायाचित्रासाठी पापण्या मिटून उघडण्याची अट असते. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना ती पूर्ण करता येत नाही. दृष्टिहीनांना कॅमेऱ्याची चौकट साधत नाही. या तक्रारींवर, प्रज्ञा प्रसून प्रकरणात, ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने वीस निर्देश दिले. डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे पीठाने नमूद केले.

खासगीपणा आणि अभिव्यक्ती

आधार योजनेला २०१२ मध्ये आव्हान देणारे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्याच महाविद्यालयाच्या मैदानावर पुढे आधारवर आधारलेल्या गृहलक्ष्मी योजनेचा प्रारंभ व्हावा, हा योगायोग म्हणावा लागेल. त्यांच्या याचिकेतून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. आधार कायदा मात्र २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालात बहुतांशी टिकला. बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून लाभ नाकारता येणार नाही, हे त्या निकालातील सूत्र शिधावाटप दुकानात येणाऱ्या वृद्ध मजुराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. पण ते त्याला क्वचितच कोणी सांगते. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण आहे आणि सेवा बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले. केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन प्रकरणात २०१९ मध्येच इंटरनेटपर्यंत पोहोच शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कांशी जोडली होती. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू म्हैसूरने फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुभवली. समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुरावरून उदयगिरी भागातील पोलीस ठाण्यावर दगडफेक झाली.

सेवा वेळेत न मिळाल्यास कर्नाटकातील नागरिकाला २०११ च्या सेवा हमी कायद्याचा, म्हणजे ‘सकाल’चा, आधार घेता येतो. विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी २० रुपये आणि कमाल ५०० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे. अर्ज ऑनलाइन असो अथवा कागदावर, पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवणे त्यासाठी आवश्यक ठरते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे. कोणाचीही माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीत वाचण्याचा पर्याय त्या व्यक्तीला मिळाला पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. म्हैसूरमध्ये बोलल्या जाणाऱ्या कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू आणि मराठी या भाषा त्या अनुसूचीत आहेत. शेजारच्या कोडगूची कोडव, किनाऱ्यावरची तुळू आणि जेनु कुरुबांची भाषा तिच्यात नाहीत.