तुमची नजर कुठे थांबली, हे कोण ठरवतं?

पाकिटामागचा पोषणाचा तक्ता वाचता का, असं विचारलं तर बरेच जण ‘हो’ म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डॅन ग्रॅहम आणि रॉबर्ट जेफ्री यांनी तोंडी उत्तरावर विश्वास न ठेवता डोळ्यांनाच विचारलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २०३ जणांना संगणकाच्या पडद्यावर ६४ खाद्यपदार्थ दाखवले आणि नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. ‘कॅलरी जवळजवळ नेहमीच बघतो’ असं ३३ टक्के लोक म्हणाले होते. प्रत्यक्षात तसं बघणारे निघाले ९ टक्के. साखरेचा आकडा बघणारे तर जेमतेम १ टक्का!

यंत्र आलं म्हणून हे कळलं. पण डोळ्यांची हालचाल मोजायला सुरुवात झाली ती माणसाच्या कानाने. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं, की वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या मारत, थांबत थांबत जाते. त्यांचे सहकारी लामार यांनी पापणीवर एक बोथट टोक टेकवलं, त्याला पातळ पडदा आणि रबरी नळ्या जोडल्या आणि नळ्या कानात घालून उड्यांचे आवाज मोजले. (वाचणाऱ्या डोळ्याचा अभ्यास करणाऱ्या जावाल यांची स्वतःची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, हे मी उगाच सांगत नाही.) नंतर अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी तर डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली. तिला जोडलेला ॲल्युमिनियमचा काटा काजळी धरलेल्या कागदावर रेघा ओढायचा. १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्यावरून परावर्तित होणारा प्रकाश फोटोच्या काचेवर टिपला, तेव्हा कुठे डोळ्याला हात लावणं थांबलं. रेघा मोजायचं काम मात्र माणसाकडेच राहिलं.

जाहिरातवाल्यांना यातला फायदा लवकर कळला. १९४० मध्ये जेम्स कार्सलेक यांनी मासिकातल्या जाहिरातींकडे वाचक किती बघतात हे मोजण्यासाठी ‘पर्ड्यू आय कॅमेरा’ची माहिती प्रसिद्ध केली. विमान उतरवताना वैमानिक कोणत्या काट्याकडे बघतो, हे पॉल फिट्स यांच्या गटाने त्याच दशकात चित्रफितीवरून एकेक चौकट तपासून काढलं. या कामात किती वेळ जातो याचा हिशोब करून बघा. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर दहा मिनिटांच्या खरेदीच्या १८,००० चौकटी होतात, त्याही एकाच गिऱ्हाइकाच्या.

आजचं यंत्र डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतं. बाहुली आणि बुबुळावरचा चमकता ठिपका यांच्यातलं अंतर पाहून ते नजरेची दिशा काढतं. पडद्यावर वस्तूची जागा ठरलेली असते, म्हणून मोजणी आपोआप होते. किराणा दुकानात तसं जमत नाही. डोकं हलतं, पाकीट हातात फिरतं. तिथे कॅमेऱ्याचा चष्मा घालून चित्रण करतात आणि नजर नेमकी कोणत्या वस्तूवर होती हे एक तर माणूस बसून नोंदवतो, नाही तर संगणक चित्र ओळखून ठरवतो. माणूस थकतो, आणि दोन माणसांच्या नोंदी तंतोतंत जुळत नाहीत. संगणक थकत नाही, पण किती वेळ स्थिर राहिली तर नजर ‘थांबली’ म्हणायची, ही मर्यादा त्याला आधी माणसानेच दिलेली असते. ती बदलली की निकालही बदलतो. शिवाय एका अंशाची चूक झाली, तर ६० सेंटिमीटरवर ती साधारण एक सेंटिमीटर भरते. तक्त्यातली अक्षरं असतात काही मिलिमीटरची. तुम्ही साखरेची ओळ वाचलीत की मिठाची, हे अशा वेळी यंत्र छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मला जास्त खटकतं ते पुढचं. नजर चार सेकंद थांबली म्हणजे आवड, असा अर्थ काढणं सोपं असतं. आपल्या जत तालुक्यात कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या कानडी, आणि पाकिटावरचा तक्ता बहुधा इंग्रजीत. तिथे चार सेकंद म्हणजे अक्षर लागत नसणंही असू शकतं, किंवा पिकत चाललेला मोतीबिंदू. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचकांच्या नजरेवरून वाक्यातला उपरोध समजला की नाही याचा अंदाज बांधला. तिथेही वाचकाला काय समजलं याची नोंद नजरेच्या शेजारी ठेवावीच लागली.

२०२२ मध्ये एफएसएसएआयने पाकिटाच्या दर्शनी भागावर तारे छापण्याचा मसुदा काढला. कोणतं चिन्ह लोकांच्या नजरेत भरतं हे अशाच मोजणीने तपासता येतं, म्हणून कुणाचे डोळे मोजले हे महत्त्वाचं. जाड चष्म्याच्या काचेवर प्रकाश चमकला किंवा पापणी बाहुलीवर उतरलेली असली, की यंत्राला बाहुली नीट सापडत नाही. माणूस बसून चित्रण बघत असेल तर पुष्कळदा पाकिटाची कोणती बाजू समोर होती एवढं तरी सांगतो. आपोआप मोजणीत ती नोंद ‘खराब डेटा’ म्हणून गाळली जाऊ शकते. जाड चष्मा आणि उतरलेली पापणी साठीनंतरच जास्त दिसते, आणि साखरेचा आकडा बघायला आम्ही सांगतो तेही बहुतेक याच वयाच्या लोकांना.