ग्रहांची जात

आर्णी गाव अरुणावतीच्या काठी वसले आहे. अरुण म्हणजे पुराणातला सूर्याचा सारथी. हिंदी पाठ्यपुस्तकांत युरेनस ग्रहालाही अरुण हेच नाव आहे. आमच्या मराठी पंचांगात मात्र त्याला ‘हर्षल’ म्हणतात. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमध्ये स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून हा ग्रह शोधणारा विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार होता. देवाऐवजी माणसाचे नाव मिळालेला आमच्या पंचांगातला हा ग्रह. पण ज्योतिषांनी त्यालाही कुंडलीच्या घरात बसवले आणि फळ द्यायला लावले. नाव नवे आले, व्यवस्था जुनीच राहिली.

नाव निरुपद्रवी नसते, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. आमच्या आज्या-पणज्यांची नावे आठवावीत : दगडू, धोंडी, कचरू. जी व्यवस्था माणसाच्या बारशापर्यंत पोचली, ती आकाशाला मोकळे कसे सोडील?

तिने सोडलेही नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथात ग्रहांना वर्ण वाटून दिले आहेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मणांचे, सूर्य आणि मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा. आणि शनी? शनी अंत्यजांचा. गावकुसाबाहेर जसा आमचा वाडा, तशी डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांच्या अगदी शेवटी शनीची कक्षा. काळा, मंद, अशुभ. ज्याची दृष्टीही पडू नये असा. दृष्टीचा विटाळ आणि सावलीचा विटाळ यांचे नाते इतके जवळचे आहे.

गंमत अशी, की हे ज्ञान शुद्ध घरचे नव्हते. याच ग्रंथात सूर्याला हेली, मंगळाला आर, शनीला कोण, शुक्राला आस्फुजित अशी नावे येतात. ही हेलिऑस, एरिस, क्रोनॉस, ॲफ्रोडायटी या ग्रीक देवांची नावे आहेत. ग्रहांवरून ठरलेले सात वारही बाहेरूनच आले. मध्य प्रदेशातील एरणच्या इ.स. ४८४ च्या स्तंभलेखात गुरुवार आढळतो, तो भारतीय शिलालेखांतील वाराचा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र जाणतात म्हणून ऋषींप्रमाणे पूज्य, असे खुद्द वराहमिहिरानेच लिहिले आहे. म्हणजे सात समुद्रांपलीकडच्या म्लेच्छाला विद्येमुळे मान, आणि शिवेवर राहून गावाची राखण करणाऱ्याला मात्र जन्मामुळे शनी!

आता राहूकडे पाहा. समुद्रमंथन झाले तेव्हा दोर ओढायला देव होते तसेच असुरही होते. कष्ट दोघांचे, अमृत मात्र एकाच पंक्तीला. राहू त्या पंक्तीत जाऊन बसला. सूर्यचंद्रांनी चहाडी केली आणि विष्णूने त्याचे मुंडके उडवले. त्याचा गुन्हा काय? दुसऱ्याच्या पंगतीत बसला हा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर परतणाऱ्या आमच्या माणसांवर लाठ्या पडल्या. ज्याने महाड समजून घेतले, त्याला राहूची कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्या कथेचा हिशेब आमच्याच माथी आला. राहू-केतू महारामांगांच्या जातीचे, म्हणून ग्रहणात त्यांना दान दिले की सूर्यचंद्र सुटतात, अशी समजूत होती. माझी आजी सांगे : ग्रहण लागले की आपली माणसे टोपल्या घेऊन आर्णीच्या आळीआळीतून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ओरडत हिंडत. जुनेरे, पसाभर ज्वारी वरून टोपलीत पडे. हाताला हात लागत नसे. सूर्याला सोडवण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी मानले, त्याला विहिरीवर चढू दिले नाही!

आणि सत्य तर ठाऊक होते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच लिहिले, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते. वराहमिहिरालाही ते माहीत होते. ब्रह्मगुप्ताला इ.स. ६२८ मध्ये ग्रहणाचे गणित अचूक मांडता येत होते; तरीही राहू नाकारणे म्हणजे वेद-स्मृती नाकारणे, म्हणून त्याने आर्यभटाच्या मताला विरोध केला. गणित पोथीत राहिले, राहू आमच्या टोपलीत आला. अज्ञानाला क्षमा करता येईल. जाणूनबुजून पोसलेल्या अज्ञानाला कशी करावी?

काही तरुण मित्र म्हणतात, राहूला आपला पूर्वज म्हणून स्वीकारू. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त बळीराजाला आपला मानले, तसे. भावना मी समजू शकतो. पण बळीच्या नावामागे राज्याची, शेताभाताची लोकस्मृती आहे. राहू-केतू हे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जेथे छेदतात ते दोन बिंदू आहेत. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावस्या-पौर्णिमेला ग्रहण होत नाही, एवढेच. शून्याला पूर्वज करून आपण पुन्हा त्यांच्याच पोथीत नाव नोंदवू. कथेतली पंगत मात्र विसरू नये; तो समाजाचा इतिहास आहे, आकाशाचा नव्हे.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले यान मंगळाभोवती पोचले. आजही मंगळ असलेल्या मुलीचे लग्न अडते. आणि धम्म स्वीकारलेल्या काही घरांतूनही गुपचूप पत्रिका दाखवल्या जातात. ज्या पत्रिकेत आपल्यासाठी शनीचेच घर राखून ठेवले आहे, ती हातात धरताना शिकलेल्या माणसाचा हात थरथरू नये काय?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्तीने त्या टोपल्या टाकून दिल्या. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. त्या रात्री वस्तीतून गावात कोणी गेले नाही. चंद्र आपल्या वेळेला सुटला.