भगवानदादा

भगवान आभाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान, ऊर्फ भगवानदादा (जन्म : अमरावती, १ ऑगस्ट १९१३, मृत्यू : मुंबई, ४ फेब्रुवारी २००२) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील मराठी अभिनेते, निर्माते व दिग्दर्शक होते. 'अलबेला' (१९५१) या नृत्यगीतप्रधान चित्रपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. शास्त्रोक्त नृत्यपरंपरेशी संबंध नसलेल्या या कलावंताची नाचण्याची ढब हीच त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी ठरली.

पूर्वायुष्य

भगवान यांचे वडील कापडगिरणीत कामगार होते. कुटुंब मुंबईस आले व भगवान यांचे बालपण तेथील गिरणगावाच्या परिसरात गेले. शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. व्यायामाची आवड आणि चित्रपटांचे वेड ही त्या वयातील त्यांची मिळकत. साहसपटांतील नायक मास्टर विठ्ठल हे त्यांचे आदर्श होते. मूकपटांच्या अखेरच्या काळात लहानसहान भूमिका करीत त्यांनी या व्यवसायात प्रवेश केला.

साहसपटांचा काळ

१९३८ साली 'बहादूर किसान' या चित्रपटाचे त्यांनी सहदिग्दर्शन केले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते अल्प खर्चाचे मारधाडपट काढीत राहिले. हे चित्रपट प्रामुख्याने कामगारवर्गात चालत. नायक, दिग्दर्शक, निर्माता अशी अनेक कामे ते स्वतःच करीत. 'वनमोहिनी' (१९४१) हा तमिळ चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. १९४२ मध्ये त्यांनी 'जागृती पिक्चर्स' ही निर्मितिसंस्था काढली आणि १९४७ मध्ये चेंबूर येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. यांतील बहुतेक चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. त्यामुळे भगवान यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध अभ्यासकाला केवळ नावांच्या यादीतूनच जाणून घ्यावा लागतो, ही मोठी हानी होय.

याच काळातील एक घटना टाळून पुढे जाता येत नाही. १९४२ साली एका चित्रीकरणात त्यांनी अभिनेत्री ललिता पवार यांना मारलेली थप्पड प्रत्यक्षातही जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्यास अर्धांगवायूचा झटका आला व डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षांच्या उपचारांनंतर त्या परतल्या, त्या नायिका म्हणून नव्हे, तर चरित्र-अभिनेत्री म्हणून. 'रामायण' मालिकेतील त्यांची मंथरा पाहिलेल्या पिढीला त्या डोळ्यामागची हकिकत क्वचितच ठाऊक असते.

अलबेला

मारधाडपट सोडून सामाजिक चित्रपट काढावा, असे राज कपूर यांनी सुचविल्यामुळे भगवान 'अलबेला'कडे वळले, असे सांगितले जाते. रंगभूमीवर नाव काढण्याचे स्वप्न पाहणारा एक गरीब तरुण घर सोडतो आणि नामवंत नट होतो, असे या चित्रपटाचे कथानक आहे. नायकाची भूमिका भगवान यांनी, तर नायिकेची गीता बाली यांनी केली. गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्र यांचे होते.

सी. रामचंद्र म्हणजेच पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. भगवान यांच्याशी त्यांचा स्नेह जुना होता. 'वनमोहिनी' आणि 'सुखी जीवन' (१९४२) या भगवान यांच्या चित्रपटांनाही त्यांचेच संगीत होते. 'अलबेला'त त्यांनी पाश्चात्त्य तालवाद्ये मोकळ्या हाताने वापरली आणि नायकासाठी 'चितळकर' या नावाने स्वतःच पार्श्वगायन केले. 'शोला जो भडके' हे लता मंगेशकर यांच्यासमवेतचे द्वंद्वगीत त्यांपैकी सर्वाधिक गाजले. 'आवारा' व 'बाजी' यांच्याबरोबरीने १९५१ च्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत 'अलबेला'ची गणना होते.

नृत्यशैली

भगवान यांची चण ठेंगणी व स्थूल होती. ते उड्या मारीत नसत, गिरक्या घेत नसत. कोपरांत वाकविलेले हात किंचित हलवायचे, खांदे तालावर डोलवायचे, दोन पावले पुढे, दोन मागे. आणि चेहऱ्यावर, आपण काही विशेष करीत आहोत याचा मागमूसही नाही. शेजारी गीता बाली चपळाईने नाचत असल्या, तरी दृष्टी पुन्हा पुन्हा भगवान यांच्याकडेच वळते. याचे रहस्य त्यांच्या संयमात असावे. अंगाची हालचाल ठेक्याला चिकटून राहते, पण त्याच्यापुढे कधी धावत नाही.

त्या दशकात चित्रपटांतील नृत्याचा दुसरा प्रवाह शास्त्रीय वळणाचा होता. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये कथक नर्तक गोपीकृष्ण नायक होते आणि त्याच चित्रपटात भगवान विनोदी भूमिकेत होते. गोपीकृष्णांचे नृत्य पाहून प्रेक्षक थक्क होई. मात्र घरी जाऊन त्याला ते करता येण्याजोगे नव्हते. भगवान यांचे नृत्य कोणालाही करता येई. म्हणूनच गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत, किंवा अमरावती-हिंगोलीकडील वरातीत बँडपुढे, आयुष्यात कधी न नाचलेला मनुष्यही नकळत हीच पावले टाकताना दिसतो. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरील नृत्यावर भगवान यांची छाप असल्याचे समीक्षकांनी अनेकदा नोंदविले आहे.

उत्तरायुष्य

'अलबेला'च्या यशानंतर जुहू येथे पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक अशा सात मोटारी त्यांच्याकडे होत्या, असे सांगतात. 'झमेला' (१९५३) आणि 'भागम भाग' (१९५६) यांना पूर्वीचे यश लाभले नाही. पुढे स्वतःचा पैसा गुंतवून काढलेले चित्रपट बुडत गेले. स्टुडिओ, बंगला, मोटारी सर्व विकावे लागले आणि ते दादर येथील चाळीत राहावयास आले. काम मात्र त्यांनी सोडले नाही. 'चोरी चोरी' (१९५६) सारख्या चित्रपटांत त्यांना चांगल्या सहायक भूमिका मिळाल्या. नंतरच्या काळात तर जमावात उभे राहून चार पावले नाचण्याइतकेच काम असे, आणि तेही ते स्वीकारीत. विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबत आणि दादा खाली येऊन नाचल्यावरच पुढे सरकत, अशी आठवण सांगितली जाते.

हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दादर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन शेखर सरतांडेल यांनी केले असून भगवान यांची भूमिका मंगेश देसाई यांनी व गीता बाली यांची भूमिका विद्या बालन यांनी साकारली आहे.