श्वासावरचं नाम

बुऱ्हाणपूरचा राजघाट मागे टाकून तापी रावेरच्या अंगाने महाराष्ट्रात शिरते आणि मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णेला मिळते. संगमावरच्या गावाचं नाव चांगदेव. तिथे जुनं दगडी देऊळ आहे. माघात महाशिवरात्रीला खानदेश, विदर्भ आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून दिंड्या इथे येतात, कारण जवळच मेहूणला ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई तापीकाठी गुप्त झाली. साल 1297. मोठा योगी चांगदेव आणि त्याची कोवळ्या वयाची गुरू मुक्ताई, दोघांची स्थानं अशी शेजारीशेजारी आहेत. श्वास आणि नाम यांची सोयरीक मराठीत कशी जुळली हे सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

चांगदेवाची कथा घरोघरी ठाऊक आहे. श्वास कोंडून त्याने काळाला चुकवलं आणि चौदाशे वर्षं आयुष्य ओढलं, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला, पण लहान वयाच्या या मुलाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न ठरल्याने कोरा कागदच धाडला. उत्तरादाखल 65 ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली. पुढे वाघ, सापाचा आसूड, चालती भिंत हे सगळं झालं आणि शेवटी त्याने मुक्ताईला गुरू केलं. भिंत चालली का, यावर वाद घालण्यात मला रस नाही. आयुष्यभर श्वास साठवलेल्या माणसाने एका मुलीपुढे मान तुकवली आणि लोकांनी सातशे वर्षं ही गोष्ट जपली, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

मंत्र आणि श्वास यांचं नातं मात्र या भेटीहून खूप जुनं आहे. संध्येतला प्राणायाम मुळात मंत्रासकटच होता. श्वास रोखून व्याहृती, गायत्री आणि तिचं शिरस मनात म्हणायचं, असं याज्ञवल्क्य स्मृती सांगते. श्वास किती वेळ धरायचा, याचं माप मंत्रच होता. अशा जपासहित प्राणायामाला योगग्रंथ सगर्भ म्हणतात. पण हे सारं मुंज झालेल्या पुरुषापुरतं होतं. बायका आणि बाकीचे वर्ण उंबऱ्याबाहेर.

नाथपंथी योग्यांनी ते कुंपण मोडलं. श्वास आत येताना एक अक्षर, बाहेर जाताना दुसरं. हा जप माणूस न करताही चालूच असतो, आपण फक्त त्याकडे लक्ष द्यायचं, असं गोरक्षाच्या नावावरचे ग्रंथ सांगतात. हा अजपाजप, ‘सोहं’. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसरात्रीत 21,600 होतात, आणि परंपरेत हाच आकडा आहे. मोजायला माळ लागत नाही, अधिकारही लागत नाही. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असं हे धन ज्ञानेश्वरांच्या घरात आलं. निवृत्तिनाथांच्या या धाकट्या भावाने 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी केली आणि सहाव्या अध्यायात बंध, प्राण, कुंडलिनी यांचं असं वर्णन केलं की वाचताना आपलाच श्वास अडकतो. या वाटेला तो पंथराज म्हणतो. तोच कवी हरिपाठात मात्र योगयागाच्या खटाटोपापेक्षा नामाला वर बसवतो. काहींना यात विसंगती दिसते. मला वाटतं, श्वासाचं काम त्याने नामाकडे सोपवलं.

हरिपाठ उभ्याने होतो तेव्हा हे नीट दिसतं. समोरासमोर दोन रांगा, मध्ये विणेकरी, कडेला मृदंग. एका रांगेने चरण म्हणायचा, समोरच्या रांगेने तो उचलायचा. ज्यांचा चरण संपला ते टाळ वाजवत पावली टाकतात आणि तेवढ्यात छाती भरून घेतात. पुन्हा पाळी येते तेव्हा पूर्ण चरण एका दमात काढावा लागतो. म्हणजे श्वास घेणं थोडक्यात, सोडणं लांबवर आणि तालावर. नवखा माणूस चरणाच्या मध्येच श्वास तोडतो आणि मागे पडतो. जुना टाळकरी त्याला फक्त ‘दम राख’ म्हणतो. पूरक-रेचक हे शब्द ज्यांच्या कानावर आले नाहीत, त्या शेतकरी बायाबापड्यांचा तासभर असा प्राणायाम घडतो.

अशा लांबवलेल्या श्वासाचं मोजमापही झालं आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 23 माणसांकडून त्यांनी लॅटिन रोझरी आणि ‘ओम मणि पद्मे हूम’ म्हणवून घेतलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. रोझरीतही एकाने म्हणायचं आणि इतरांनी उचलायचं, अशीच पद्धत असते.

आता पुन्हा बुऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांनी खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफीच्या नावाने हे शहर वसवलं. सोळाव्या शतकात इथे शत्तारी सूफी रुजले. ग्वाल्हेरच्या महंमद गौसांनी ‘अमृतकुंड’ या योगग्रंथातली आसनं आणि श्वासाचे प्रकार ‘बहर-उल-हयात’मध्ये फारसीत आणले होते. त्यांच्याच परंपरेतले शाह ईसा जुंदुल्लाह बुऱ्हाणपुरात राहिले आणि 1622 मध्ये वारले. श्वास रोखून जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, करण्याला सूफी हब्स-ए-दम म्हणतात. एकाच तापीच्या काठी, थोड्या अंतरावर, श्वासावर ईश्वराचं नाव ठेवण्याच्या दोन रीती नांदल्या. कुणी कुणाकडून घेतलं याचा हिशेब मांडण्यापेक्षा, गौसांसारख्या माणसाला योग्यांकडून उघडपणे शिकावंसं वाटलं याचंच मला अप्रूप वाटतं.

समर्थ रामदासांनी दासबोधात सतराव्या दशकाचा पाचवा समास अजपेला दिला. विसाव्या शतकात ही वाट कोकणातल्या पावसला पोचली. स्वामी स्वरूपानंद स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेले होते. पुढे 1934 च्या आजारपणाने त्यांचं शरीर खचलं आणि पावसच्या एका घरात त्यांनी चाळीस वर्षं काढली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी सोहं दिला. त्यासाठी आसन नको, कुंभक नको. येत्याजात्या श्वासाकडे ध्यान असलं की पुरे. जानव्याच्या अधिकारापासून निघालेली ही साधना अशी अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंतही आली. आणि मुक्ताईनगरहून दर वर्षी मुक्ताईची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा महिनाभराहून लांब त्या वाटेवर बायाच संख्येने उठून दिसतात. चरण उचलतात, दम राखतात, चालत राहतात.